मॉटलीबाईंचा धडा पुस्तकात राहू द्या : आमच्या मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तक समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
पाठ्यपुस्तक समिती

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात समितीने शिक्षकांना पाठवलेल्या ई-मेलमधून कळले की, पाचव्या स्तराच्या वाचनपुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यावरचा सहा पानांचा धडा वगळण्यात आला आहे. त्याची तीन कारणे आपण दिली आहेत : या विषयाचा मराठी मुलांशी संबंध नाही, त्यात राजकारण येते, आणि त्याची भाषा मुलांना जड जाते. हा धडा मी लिहिला आणि न्यूयॉर्कजवळच्या आपल्या शाळेत ११ वर्षे दर रविवारी येणाऱ्या मुलांना शिकवला. माझे म्हणणे मी आधी समितीला खासगीत कळवले होते. त्यावर ‘निर्णय झाला आहे’ एवढेच उत्तर आले. हे पुस्तक पालकांच्या वर्गणीतून छापले जाते आणि त्यांचीच मुले ते वाचतात, म्हणून आता हे पत्र त्यांच्यासमोरही ठेवत आहे.

माझा या विषयाशी संबंध धडा लिहिण्याच्या आधीपासूनचा आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतर काही वर्षांनी मला काउंटी न्यायालयातून ज्युरीचे, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाचे, बोलावणे आले. आरोपी एक कृष्णवर्णीय तरुण होता. आम्हाला प्रश्न विचारून झाल्यावर दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशांसमवेत आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कृष्णवर्णीय परिचारिका बसल्या होत्या. रात्रपाळी करून त्या थेट आल्या होत्या आणि त्यांचे कामाचे पांढरे बूट अजून पायातच होते. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ‘आता मला घरी पाठवतील, नेहमीच पाठवतात’ असे त्या मला हळूच म्हणाल्या. न्यायाधीश बाहेर आले आणि ज्युरीवर राहणाऱ्या लोकांत त्या परिचारिकेचे नाव घेतले गेले. माझेही घेतले गेले. खटला संपल्यावर आरोपीच्या वकिलांनी कॉरिडॉरमध्ये आम्हाला सांगितले की, सरकारी वकिलांनी त्या बाईंना वगळण्याची मागणी केली होती, आणि वगळण्याचे कारण वंश हे नाही असे न्यायालयाला पटवता न आल्यामुळे त्या राहिल्या. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालाचा, असेही ते म्हणाले. घरी येऊन मी बॅट्सन निकाल शोधला, त्यातून मागे जात त्याच प्रश्नावरच्या १९६५ च्या स्वेन खटल्यापर्यंत पोहोचले, आणि स्वेन या आरोपीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलाचे नाव मला प्रथमच वाचायला मिळाले. ते नाव कॉन्स्टन्स बेकर मॉटली.

आता आपल्या पहिल्या कारणाकडे येते, कारण माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. मॉटलीबाईंचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन येथे झाला. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस या छोट्या बेटावरून आलेले, बारा भावंडांत या नवव्या, आणि वडील येल विद्यापीठाच्या विद्यार्थी-मंडळांच्या स्वयंपाकघरात काम करणारे. म्हणजे स्थलांतरितांच्या घरातली ही मुलगी. शाळा संपली तेव्हा कॉलेजसाठी घरात पैसे नव्हते. वयाच्या अठराव्या वर्षी गावातल्या एका सभेत तिने केलेले भाषण क्लॅरन्स ब्लेकस्ली नावाच्या धनिक बांधकाम व्यावसायिकाने ऐकले आणि तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. आधी फिस्क, मग न्यूयॉर्क विद्यापीठ, आणि १९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी.

याच कोलंबियात १९१३ साली भीमराव आंबेडकर शिकायला आले, हे आपण दर १४ एप्रिलला मुलांना सांगतो. मॉटलीबाईंना पदवी मिळाली त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की, त्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, अशा आशयाचे त्यात लिहिले. ज्या अभ्यासाला बाबासाहेब आवश्यक म्हणाले तो आपल्या मुलांना अनावश्यक आहे, हे समितीने कशाच्या आधारावर ठरवले? आपण स्वतः इथे कसे आलो तेही पाहा. १९४६ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांनाच इथे स्थायिक होण्याचा कोटा होता. तो मोडून काढणारा १९६५ चा कायदा कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठीच्या नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या काळात मंजूर झाला, आणि आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीतली बहुतेक कुटुंबे त्या कायद्यानंतरची आहेत. माझे सासरेही त्यातलेच. या चळवळीची न्यायालयातली बाजू ज्यांनी वाहिली त्या माणसांशी आपला संबंध नाही, असे मला माझ्या नातवंडांना सांगता येणार नाही.

आणि ती बाजू त्यांनी कशी वाहिली हे धड्यात होते. विद्यार्थिनी असतानाच, १९४५ मध्ये, त्या थरगुड मार्शल या वकिलांच्या हाताखाली, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात, म्हणजे खटले लढवणाऱ्या शाखेत, रुजू झाल्या. ज्या ब्राउन खटल्याने १९५४ साली शाळांमधली वंशभेदाची भिंत बेकायदा ठरली, त्या खटल्याचा मूळ दावा-अर्ज तयार करण्यात त्यांचा हात होता. पुढे विद्यापीठांचे दरवाजे उघडण्याचे काम मुख्यतः त्यांच्या अंगावर पडले. १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो त्यांनी लढवलेल्या खटल्यातून. त्याच वर्षी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाचा मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धचा दावा सुरू झाला. विद्यापीठ म्हणत होते, प्रवेश नाकारला पण वंशामुळे नाही. खालच्या न्यायालयाने ते मान्यही केले, मग अपील, मग स्थगित्या, मग सर्वोच्च न्यायालयातून आदेश. मॉटलीबाईंनी मिसिसिपीच्या सुमारे २० फेऱ्या मारल्या तेव्हा १ ऑक्टोबर १९६२ रोजी, आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन जीव गेल्यानंतर, मेरेडिथ यांचे नाव पटावर आले.

या खटल्याची सुनावणी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराच्या ज्या न्यायालयात झाली, तिथे न्यायाधीशांच्या आसनामागची अख्खी भिंत एका चित्राने व्यापलेली होती : मळ्याचे गोरे मालक, आणि कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर. त्या चित्राकडे तोंड करून या बाईंना युक्तिवाद करावे लागले. दक्षिणेतल्या न्यायालयांत प्रतिपक्षाचे वकील त्यांच्या नावाआधी ‘मिसेस’ लावायचे टाळत, कारण कृष्णवर्णीय स्त्रीला आदराने संबोधण्याची तिथे रीतच नव्हती. हा परिच्छेद मी वर्गात पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लगेच विचारले, ‘मग आपण त्यांना मॉटलीबाई म्हणायचं का?’ तेव्हापासून आमच्या वर्गात त्या मॉटलीबाईच आहेत, आणि या पत्रातही मी त्यांना तसेच म्हणते आहे.

आपले दुसरे कारण राजकारणाचे. मॉटलीबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या हे खरे आहे. फेब्रुवारी १९६४ च्या पोटनिवडणुकीत त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. त्या सभागृहात बसणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नोव्हेंबरमध्ये त्या पुन्हा निवडून आल्या, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट, म्हणजे शहराच्या त्या विभागाच्या प्रमुख, झाल्या. त्या पदावरही त्या पहिल्याच स्त्री होत्या. शहराचा अर्थसंकल्प आणि जमिनीचा वापर ज्या मंडळात ठरत असे तिथे या पदाला मत होते, आणि हार्लेम व ईस्ट हार्लेमच्या पुनर्वसनाची सात कलमी योजना त्यांनी तिथून मांडली. राज्याच्या सिनेटमध्ये त्यांची कारकीर्द एक वर्षाची. मुलांना त्याबद्दल दोन परिच्छेद पुरतात आणि मी दोनच लिहिले होते. पण ते गाळून चालणार नाहीत, कारण कायदा आधी न्यायालयात मागायचा, मग सभागृहात बसून घडवायचा आणि शेवटी न्यायासनावर बसून लावायचा, हे तिन्ही ज्यांनी केले अशी माणसे मुलांना क्वचितच भेटतात. बाबासाहेबांची वकिली आणि मुंबई विधिमंडळातली त्यांची भाषणे आपण एकाच धड्यात शिकवतो. तिथे राजकारण आड आले नाही, ते इथेच का यावे?

राजकारण झाले ते त्यांच्या नेमणुकीच्या वेळी, आणि ते त्यांनी केले नाही. जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव पाठवले. फेडरल सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचे, म्हणजे ज्या राज्याला मेरेडिथ खटल्यात मॉटलीबाईंनी हरवले त्याच राज्याचे. त्यांनी सात महिने हे नाव अडवून धरले आणि साम्यवादी संबंधांचा आरोपही केला. अखेर ३० ऑगस्ट १९६६ रोजी मंजुरी मिळाली आणि अमेरिकेच्या इतिहासात प्रथमच एक कृष्णवर्णीय स्त्री फेडरल न्यायाधीश झाली. अशा पदावर माणूस तहहयात असतो. १९८२ ते १९८६ त्या त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या, त्यानंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून काम करत राहिल्या, आणि २८ सप्टेंबर २००५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

न्यायासनावर बसल्यावर पक्षपाताची शंका त्यांच्यासमोरच उपस्थित केली गेली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली पेढीवर स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. पेढीच्या बाजूने मागणी झाली की, त्या स्वतः स्त्री आणि कृष्णवर्णीय असून आधी नागरी हक्कांच्या वकील होत्या, म्हणून त्यांनी या खटल्यातून बाजूला व्हावे. त्यांनी नकार दिला, आणि त्यातला तर्क असा होता की, नुसता वंश, लिंग किंवा पूर्वीचा व्यवसाय यांमुळे न्यायाधीश अपात्र ठरत असेल, तर या न्यायालयातल्या कोणत्याच न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही, कारण प्रत्येकालाच वंश आणि लिंग असते आणि बहुतेकांच्या मागे वकिली असते. मुलांना मी यावर एक प्रश्न देत असे : गोऱ्या पुरुष न्यायाधीशांना हाच प्रश्न कोणी का विचारला नव्हता? त्यावर मुलांनी लिहिलेली उत्तरे माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. समितीने ती वाचावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्यात कुठलाही पक्ष नाही, आहे ती न्यायबुद्धी. १९७८ मध्ये बेसबॉलच्या सामन्यांनंतर यांकी स्टेडियमच्या कपडे बदलण्याच्या खोलीत पुरुष वार्ताहरांना जाऊन मुलाखती घेता येत आणि मेलिसा लडकी (Ludtke) या स्त्री-वार्ताहराला बाहेर थांबावे लागे, त्याविरुद्धचा निकालही त्यांचाच. आपल्या शाळेतल्या ज्या मुली आज शाळेच्या वार्तापत्रासाठी सामन्यांच्या बातम्या लिहितात, त्यांना हा निकाल आपल्या भाषेत वाचायला मिळावा असे मला वाटते.

तिसरे कारण भाषेचे. ‘फेटाळणे’, ‘बाजू मांडणे’, ‘स्थगिती’, ‘आरोपी’, ‘दाद मागणे’ हे शब्द जड आहेत, हे मला मान्य आहे. पण हेच शब्द मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज असतात. वर्गात मी टेबल मध्ये ओढून घेई, एका मुलाला न्यायाधीश करी, दोघांना वकील, आणि १९६१ चा ‘हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा’ खटला मुलेच चालवत. अलाबामात फाशीची शिक्षा झालेल्या त्या माणसाला, आरोप वाचून दाखवला जातो त्या वेळी, वकीलच मिळालेला नव्हता. मॉटलीबाईंनी सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडली आणि एकमताने निकाल मिळवला. त्या न्यायालयापुढे युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. गेल्या वर्षी वकील झालेल्या मुलाने खुर्चीवरून उठून ‘महाराज, माझ्या अशिलाला तेव्हा वकीलच नव्हता!’ असे जोरात सांगितले तेव्हा बाहेर डबे लावत असलेले पालक दारात येऊन उभे राहिले होते. ‘अशील’ हा शब्द त्या मुलाला कोणी पाठ करायला लावला नव्हता. सोप्या शब्दांच्या मागे लागून आपण मुलांची मराठी ‘सण आणि फराळ’ या दोनच विषयांत कोंडतो आहोत, आणि म्हणूनच तेराव्या वर्षी ती शाळेत यायची थांबतात, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवातून सांगते आहे.

याशिवाय दोन गोष्टी आहेत ज्या आपल्या ई-मेलमध्ये नव्हत्या. धडा काढून त्याऐवजी ‘जगातील थोर स्त्रिया’ असा एक तक्ता घातला आहे आणि त्यात मॉटलीबाईंना एक ओळ मिळाली आहे : ‘अमेरिकेच्या पहिल्या महिला फेडरल न्यायाधीश’. हे चुकीचे आहे. फ्लॉरेन्स ॲलन १९३४ मध्येच फेडरल अपील न्यायालयात नेमल्या गेल्या होत्या. मॉटलीबाई त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या, आणि तो एक शब्द गाळल्याने ओळ चुकलीच, शिवाय त्यांचे सारे आयुष्य ज्या गोष्टीशी झुंजण्यात गेले तीच ओळीतून नाहीशी झाली. दुसरी गोष्ट पद्धतीची. पाचवा स्तर शिकवणाऱ्या चार शिक्षिकांपैकी एकीलाही निर्णयापूर्वी विचारले गेले नाही, आणि ज्या बैठकीत तो झाला तिचा वृत्तांत मागूनही मिळालेला नाही.

धड्यातला एक दोष मात्र मला मान्य आहे. धड्याचा शेवट कमकुवत होता. मॉटलीबाईंनी सर्वोच्च न्यायालयात १० खटल्यांत युक्तिवाद केला आणि ९ जिंकले, एवढे सांगून मी थांबले होते. दोन वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने विचारले, ‘आणि दहावा?’ मी त्याला ‘तो हरल्या’ म्हणाले. त्याचा पुढचा प्रश्न होता, ‘मग त्या माणसाचं काय झालं?’ तेव्हा वेळ संपली होती. तो दहावा खटला स्वेन यांचा. अलाबामातल्या टालाडेगा काउंटीतला हा कृष्णवर्णीय तरुण, त्याला फाशीची शिक्षा झालेली, आणि त्याच्या ज्युरीसाठी उपलब्ध असलेल्या सहाही कृष्णवर्णीयांना सरकारी वकिलांनी वगळलेले. त्या काउंटीत कित्येक वर्षांत कोणी कृष्णवर्णीय माणूस खटल्याच्या ज्युरीवर बसलाच नव्हता. तरीही १९६५ मध्ये न्यायालयाने बहुमताने स्वेनविरुद्ध निकाल दिला. मॉटलीबाई तोवर शहराच्या कारभारात गेल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी न्यायासनावर गेल्या. त्यांनी मांडलेला मुद्दा मात्र तिथेच उभा राहिला, आणि २१ वर्षांनी बॅट्सन खटल्यात त्याच न्यायालयाने आपला स्वेन निकाल या बाबतीत मागे टाकला. मी ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली नाही ती त्यामुळे. हे आता धड्यात घातले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मॉटलीबाईंवरचा धडा सुधारलेल्या स्वरूपात पाचव्या स्तराच्या पुस्तकात परत घ्यावा, आणि त्यात वकिली, राज्य सिनेट व न्यायासन हे तिन्ही टप्पे असावेत. पृष्ठसंख्येची अडचण असेल तर मी सहाची चार पाने करून देते. स्वेनचा परिच्छेद मात्र काढता येणार नाही.

तक्त्यातली चुकीची ओळ छपाईपूर्वी दुरुस्त करावी. धडा परत आला नाही तरीही ही दुरुस्ती व्हायलाच हवी.

बैठकीचा वृत्तांत पालकांना पाठवावा, आणि यापुढे कोणत्याही स्तराचा धडा काढण्यापूर्वी तो शिकवणाऱ्या शिक्षकांचे म्हणणे लेखी घ्यावे.

वसंत ऋतूतल्या सहलीसाठी या वर्षी मॅनहॅटनमधल्या फोली स्क्वेअरचा, म्हणजे मॉटलीबाईंच्या न्यायालयाच्या परिसराचा, विचार करावा. फेडरल न्यायालयातली सुनावणी सर्वांना पाहता येते, आणि आपल्या शाळेपासून ते ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे. मुलांची जबाबदारी घ्यायला मी आणि पाचव्या स्तराच्या आणखी दोन शिक्षिका तयार आहोत.

सुधारलेला धडा, त्याचे स्वाध्याय आणि मुलांच्या उत्तरांच्या प्रती, त्यांची नावे झाकून, या पत्रासोबत जोडल्या आहेत. पुस्तक या महिन्याच्या अखेरीस छपाईला जाणार असल्याचे कळते. त्याआधीच्या रविवारी शाळा सुटल्यावर समितीने शिक्षकांना आणि इच्छुक पालकांना अर्धा तास द्यावा, ही विनंती. मी वर्ग क्रमांक ४ मध्ये थांबेन.

आपली नम्र,
पाचव्या स्तराची एक शिक्षिका